खाडीतलं पाखरू आजारी आहे का? २०-६०×६५ स्पॉटिंग स्कोप, चार हिवाळे वापरल्यावर

हा स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) मी का घेतला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बरं-वाईट कुठल्या मापाने लिहिलंय ते कळेल. पाखरं ओळखण्यासाठी किंवा यादी वाढवण्यासाठी घेतला नाही. खाडीत उतरलेलं जंगली बदक, कुरव, सुरय धडधाकट आहे की आजारी, हे त्याला न उठवता काठावरून कळावं, एवढ्यासाठी घेतला.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी दापोली तालुक्यात. गावात अजून मला डॉक्टरच म्हणतात. निवृत्त होऊन दीडेक वर्ष झालं होतं तेव्हा, २०२१ च्या जानेवारीत, राज्यात बर्ड फ्लू आला. परभणीकडे मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि त्याच दिवसांत मुंबई, ठाणे, बीडबरोबर दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही पॉझिटिव्ह निघाले. सगळे खुराड्यांकडे धावले. ते बरोबरच होतं, पोटाचा प्रश्न तिथे आहे. पण आमच्या खाडीत त्याच महिन्यात उत्तरेकडून आलेली शेकडो पाखरं उतरलेली होती आणि त्यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. मी बांधावर उभा राहून जुन्या ८×४० दुर्बिणीने बघायचो. बदकं आहेत एवढं दिसायचं, पण कशी आहेत ते दिसायचं नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्कोप ऑनलाइन मागवला. ट्रायपॉड सोडून साडेअठरा हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा बाजारात तीन-चार नावांनी विकला जातो आणि लेबल सोडलं तर मला तरी फरक दिसला नाही. ओळखायचा तर मापावरून ओळखा: पुढचं भिंग ६५ मिलिमीटरचं, झूम २० ते ६० पट, आयपीस (डोळा लावायचा भाग) ४५ अंशांत वाकलेला, बॅक-४ काचेचा प्रिझम, हिरवं रबरी अंग, आतून दव धरू नये म्हणून नायट्रोजन भरल्याचा दावा.

पहिला नग आतून धुरकट निघाला. पहाटेच्या गारव्यात बाहेर नेला की भिंगाच्या आतल्या बाजूने दव धरायचं. म्हणजे सील कुठेतरी सुटलेलं होतं. विक्रेता म्हणाला, तुमच्याकडची हवा दमट आहे. अहो, हवा दमट आहे म्हणूनच तर वॉटरप्रूफ घेतला! व्हिडिओ काढून पाठवले, चार-पाच वेळा फोन केले, तेवीस दिवसांनी बदलून मिळाला. दुसरा नग आजपर्यंत आतून स्वच्छ आहे. त्यामुळे कोकणात राहणाऱ्याने नवा स्कोप आला की तो पिशवीत बांधून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, मग बाहेर काढून वरचं दव मऊ फडक्याने टिपावं. आतून धुकं दिसलं तर परत पाठवायचा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या.

आता काचेबद्दल. जाहिरातीत ६० पट मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. ६५ ला २० ने भागलं तर सव्वातीन येतात, ६० ने भागलं तर जेमतेम एक. आयपीसमधून तुमच्या डोळ्यात येणारा उजेडाचा झोत एवढ्या मिलिमीटर रुंदीचा असतो. ६० वर नेलं की चित्र काळवंडतं, वाऱ्याने थरथरतं आणि बदकाच्या पिसांची रेघ मोडून जाते. चार वर्षांत मी ४० च्या पुढे क्वचितच गेलोय. सगळं काम २५ ते ३० पटीत होतं. दीडशे मीटरवरचं बदक ३० पटीने बघितलं म्हणजे पाच मीटरवर बसलेलं बदक. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी आपल्याला ओट्यावरून दिसते तेवढं जवळ. कोंबडी सुस्त आहे हे घरातल्या बाईला ओट्यावरूनच कळतं ना, तसंच.

ऊन चढलं की मात्र कुठलाही स्कोप हरतो. ओहोटीचा चिखल तापायला लागला की त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि पाखराचे पाय त्यात विरघळतात. जानेवारीत साधारण साडेनऊनंतर मी पाय तपासत नाही. उधाणाच्या दिवसांत सकाळची भरती गाठायची. चिखल पाण्याखाली जातो, पाखरं सरकत सरकत बांधाशी येतात आणि पाण्यावरची हवा स्थिर असते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाखरं लांब राहतात, तेव्हा नुसती मोजणी करायची.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी एक गोष्ट शिकवली होती. गोठ्यात शिरण्याआधी दाराशी दोन मिनिटं उभं राहायचं. परका माणूस आत आला की आजारी जनावरही मान वर करतं, कान टवकारतं आणि तुमची फसगत होते. जंगली पाखरू तर आजार शेवटपर्यंत लपवतं. अशक्त दिसलं की घार आणि कुत्रा दोघांनाही कळतं. त्यामुळे तुम्ही जवळ गेलात की ते असेल नसेल तेवढा जीव एकवटून उडतं, आणि तुम्ही म्हणता ठीक आहे. आपण बघतोय हे त्याला न कळता बघता आलं, तरच खरं दिसतं. या स्कोपचे मी पैसे मोजले ते एवढ्यासाठी, आणि त्या कामात तो चोख आहे.

बदकात काय बघायचं? सगळ्यात आधी पाठ. निरोगी बदक दिवसातून कितीदा तरी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीवर चोच घासतं आणि ते तेल पिसांना लावतं. पाणी त्याच्या पाठीवरून अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं जातं. २५ पटीला हे थेंब वेगवेगळे दिसतात. आजारी बदक पिसं साफ करायचं सोडतं. मग पिसं भिजतात, पाठ काळपट, चिकटलेली दिसते आणि बदक पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसतं. मला आजवर सगळ्यात आधी दिसलेली खूण हीच. त्यानंतर मान, पंख सारखे मिटलेत का, शेपटी श्वासागणिक वर-खाली होतेय का, आणि डोळा.

डोळ्याचं थोडं सविस्तर सांगतो. हिवाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या डोळ्यातलं कडं मोठेपणी फिकट, पांढुरकं असतं. ३० पटीला, सूर्य पाठीशी असेल तर, ते स्पष्ट दिसतं. हे बघायची सवय मला एका बातमीमुळे लागली. स्कॉटलंडजवळच्या बास रॉक बेटावर गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे. २०२२ मध्ये तिथे बर्ड फ्लूने फार पाखरं मेली आणि जगलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांतली फिकट निळी कडी काळी पडलेली दिसली. रक्त तपासल्यावर अशा पाखरांत रोग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. लांबून डोळा बघून झालेला आजार ओळखायचा, म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाला केवढी मोठी गोष्ट! आपल्या कुरवांत असं मी पाहिलेलं नाही, आणि पिल्लावस्थेतल्या कुरवाचा डोळा मुळात गडदच असतो, त्यामुळे घाईने बोट दाखवायचं नाही. पण वहीत नोंद करतो.

निरोगी पाखरू कसं दिसतं हे आधी महिनाभर बघा, मग आजारी शोधा. पाणकावळा पंख पसरून उभा असतो तो आजारी नसतो, पंख वाळवत असतो. दुपारी चोच उघडी टाकून बसलेला कुरव उन्हाने धापा टाकतोय. थापट्या बदकं एकामागोमाग गोल गोल फिरतात ती पाणी ढवळून खाणं वर आणायला. ऑक्टोबरात आलेले तलवार बदकाचे नर मळकट, मादीसारखे दिसतात, कारण त्यांची नवी पिसं अजून यायची असतात. पहिल्या वर्षी या मळकट नरांवर मी दोन सकाळी घालवल्या.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या धक्क्यावर कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ फिरवला, एक कुरव लंगडतोय, पडतोय, पंख आपटतोय. तासाभरात गावभर बर्ड फ्लू. माझ्या दारात दोन पोरं आली, "डॉक्टर, त्या पाखराला बर्ड फ्लू झालाय काय हो? आई म्हणतेय कोंबड्या आजच कापून टाकू." मी स्कोप खांद्यावर टाकून गेलो. कुरव धक्क्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर वाळूत होता. ३० पटीला आधी डोळा बघितला, स्वच्छ. मान सरळ. पिसं कोरडी, नीट बसलेली. मग पायावर आलो आणि थांबलो. उजव्या पायाला गुडघ्याच्या खाली तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) आवळलेला होता, दोन वेढे, आणि त्याचं सुटलेलं टोक शेपटीकडच्या पिसात अडकलेलं. पंख उघडला की पाय ओढला जायचा आणि तो तोंडावर पडायचा. पोरांना आयपीसमधून दाखवलं. मोठा पोरगा पाच मिनिटं डोळा काढेना. मग तोच म्हणाला, "हा आमच्याच जाळ्यातला असंल."

वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक आले, हातमोजे घालून टोपलीखाली पाखरू धरलं, तंगूस कापला. पायाला जखम होती, पण ते उडालं. त्या घरच्या कोंबड्या वाचल्या. माझ्या मते स्कोपचे साडेअठरा हजार त्या सकाळीच वसूल झाले.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. बांधाच्या आतल्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) पाणी आटत चाललेलं, काठाला मेलेले मासे, वास सुटलेला. अडतीस चक्रांग बदकं होती. त्यातलं एक बाजूला. २५ पटीला पाठ भिजलेली दिसली. मान उचलायचं, ती हळूहळू खाली यायची आणि चोच पाण्याला टेकायची. पुन्हा उचलायचं. पंखांनी वल्ही मारल्यासारखं पुढे सरकायचं, पाय चालत नव्हते. डोळ्यावरचा आतला पडदा अर्धवट ओढलेला, तो मागे जात नव्हता. मानेला पीळ नव्हता, डोकं थरथरत नव्हतं. मला सांभर सरोवर आठवलं. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानात तिथे हजारो पाखरं मेली, त्यांत थापट्या बदकंही खूप होती, आणि कारण निघालं बॉट्युलिझम. कुजणाऱ्या घाणीत वाढणाऱ्या जिवाणूचं विष, स्नायू लुळे पाडतं. मान लुळी पडली की बदक उथळ पाण्यातसुद्धा बुडून मरतं. मेलेल्या पाखरात किडे पडतात, किड्यांत तेच विष असतं, ते खाऊन पुढचं पाखरू मरतं.

पण लांबून बघून रोग ठरवता येत नाही, संशय तेवढा ठरवता येतो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण स्कोप हातात आला की आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. बर्ड फ्लूनेही पाखरू लुळं पडू शकतं, आणि कितीतरी बदकं तो विषाणू अंगात घेऊन अगदी ठणठणीत फिरतात, ती स्कोपमधून कधीच कळणार नाहीत. तिथे घशाचा आणि विष्ठामार्गाचा स्वॅबच लागतो. दुपारपर्यंत बदक मेलं. पोरांना हात लावू दिला नाही. वनरक्षक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं आली, मास्क-हातमोजे घालून दुहेरी पिशवीत, बर्फात, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुना गेला. बर्ड फ्लू नाही, एवढं आठवड्याने फोनवर कळलं. तोवर खाजणाच्या मालकांशी बोलून आम्ही मेलेले मासे वेचून चुना टाकून पुरले आणि उधाणाच्या भरतीला उघाडी (बांधातली पाण्याची झडप) उघडून ताजं पाणी आत घेतलं. पुढच्या शनिवारी मोजली, सदतीस. सगळ्यांच्या पाठी कोरड्या.

खऱ्या अर्थाने ज्यांना समुद्री बदकं म्हणतात, ते आयडर आणि स्कोटर, थंड उत्तरेकडचे. आपल्या किनाऱ्यावर ते येत नाहीत. पण त्यांच्याबद्दल वाचताना मला आपल्याच दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. आयडरची मादी अंड्यांवर बसली की तीन-साडेतीन आठवडे जवळजवळ काही खात नाही, अंगावरची चरबी जाळून निभावते. कॅनडाच्या उत्तरेला हडसन उपसागराजवळच्या एका बेटावर अशा अंड्यांवर बसलेल्या माद्यांत २००५ पासून पक्ष्यांच्या कॉलऱ्याची साथ आली आणि त्या घरट्यांतच मेल्या. जिवाणू कुठला? पाश्चुरेला मल्टोसिडा. दर मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, वाडी-वाडी फिरून मी म्हशींना घटसर्पाची लस टोचली ती याच जिवाणूविरुद्ध. प्रकार वेगळा, पण जिवाणू तोच! अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर १९९८ पासून आयडर मरून लागत राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यात एक नवा विषाणू सापडला, फ्लूच्याच घराण्यातला. वेलफ्लीट बे हे त्याला दिलेलं नाव, तिथल्याच उपसागराचं. कुणीतरी वर्षानुवर्षं किनाऱ्यावर चालून मेलेली पाखरं मोजली, लिहून ठेवली, म्हणून तो सापडला. आपल्याकडे वेळास ते हर्णै अशी माणसं तयार व्हायला काय हरकत आहे? कासवांसाठी पहाटे किनारा तुडवणारी पोरं आपल्याकडे आहेतच.

मोबाइल अडकवायचा अॅडाप्टर वेगळा घ्यावा लागला, नऊशे रुपये. सोबत आलेला फुकटचा डुगडुगतो. चांगला मात्र जरूर घ्या. शब्दात सांगितलेलं लक्षण आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ यात फार फरक पडतो. समोरचा अधिकारी निघायचं की नाही ते व्हिडिओ बघून ठरवतो. पाळीव कोंबड्या-बदकांत मरतूक दिसली तर पशुसंवर्धनचा १९६२, जंगली पाखरू असेल तर १९२६.

आता तक्रारी. सोबत मिळालेला टीचभर ट्रायपॉड टेबलावर शोभेला ठेवा. मी पुढे चार हजारांचा जड ट्रायपॉड घेतला आणि त्याच्या मधल्या हुकाला वाळूची पिशवी टांगतो, तेव्हा कुठे खाडीवरच्या वाऱ्यात चित्र थांबतं. म्हणजे खरी किंमत तेवीस-साडेतेवीस हजार धरा. फोकसची चक्री पहिल्या पावसाळ्यानंतर जड झाली. डोळ्याजवळची रबरी वाटी दुसऱ्या पावसाळ्यात चिकट होऊन हाताला काळं लागायला लागलं. ती काढून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलाय, चष्मा लावून बघणाऱ्याला तोच बरा पडतो. चष्मेवाल्यांनी ४० च्या पुढे पूर्ण वर्तुळ दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. आणि संध्याकाळी सूर्य समोर असताना पांढऱ्या पाखराला जांभळी कड दिसते, रंगावरून काही ठरवायचं असेल तर सकाळीच ठरवा.

जून ते सप्टेंबर तो कापडी पिशवीत ठेवू नका, बुरशी भिंगावर जाळं धरते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर शेकून परत टाकायच्या. बायकोने या कामासाठी एक जुना तवा वेगळा काढून दिलाय. खाडीवरून आलं की खारी हवा पुसायची, पण कोरड्या फडक्याने नाही. आधी फुंकणीने वाळूचे कण उडवायचे, मग ओलसर फडकं. माझ्या पुढच्या भिंगावर एक बारीक ओरखडा आहे, तो पहिल्या महिन्यातल्या घाईचा.

नुसती पाखरं बघायची हौस असेल आणि फिरून बघायची असतील, तर हा घेऊ नका, चांगली ८×४२ दुर्बीण घ्या. ज्याची वाडी खाडीला लागून आहे, ज्याच्या दारात गावठी कोंबड्या, बदकं आहेत, जो आठवड्यातून एकदा एकाच जागी तासभर उभा राहू शकतो, त्याने घ्यावा. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा. २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमच्याकडून चौघं जण आळीपाळीने रोज सकाळी बांधावर उभे राहिलो, अकरा दिवस. त्यात तो तंगूसवाला पोरगाही होता. त्याची वही माझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. पाठ कोरडी की ओली, यासाठी त्याने वेगळा रकाना आखलाय.

पाचातले चार तारे देतो. एक तारा त्या पहिल्या धुरकट नगासाठी आणि तेवीस दिवसांसाठी कापला. गणपती झाले की डबा उघडून चक्रीला तेल-पाणी बघायचं आहे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चक्रांग यायला लागतील.